रेकॉर्डकीपरची बुडी

समुद्राच्या तळाशी जावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. देवासला समुद्र नाही. आमच्याकडे एक टेकडी आहे, टेकडीवर देवी आहे आणि गावात मीठा तालाब आहे. त्या तालाबात मी उभ्या जन्मात घोट्याच्या वर पाय घातला नव्हता. पोहता येत नाही याचं मला दुःखही नव्हतं. कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये पोहण्याचा प्रसंग येत नाही.

मला या भानगडीत लोटलं ते माझ्या मेहुण्यानं. नाही, खरं बोलायचं तर माझ्याच जिभेनं.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा, बकुळाचा, धाकटा भाऊ जगदेव. मूळचा देवासकडच्याच बागलीचा. इंदुरात प्राणिशास्त्र शिकला आणि थेट रामेश्वराकडे, समुद्रातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात नोकरीला लागला. बागलीच्या पोराला मासे कुणी दाखवले देव जाणे. त्या दिवाळीला तो आमच्याकडे आला, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळी आळी जमली. पाठीवर हवा भरलेली लोखंडी नळकांडी बांधायची, रबरी नळी दातांत धरायची, डोळ्यांवर काच लावायची, की माणूस पाण्याखाली माशासारखा हिंडतो, असं त्यानं सांगितलं. लोक आ वासून ऐकत होते. शेजारचे मानाजीराव हे संस्थानी रिसाल्यातले निवृत्त रिसालदार. दुसऱ्याला सहसा बोलू देत नाहीत. तेसुद्धा गप्प होते.

आता त्या ओट्यावर इतकी वर्षं माझा शब्द चालत आलेला. देवासच्या दोन्ही संस्थानांचं, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं, जुनं दप्तर माझ्या ताब्यात. कोणत्या दरबारात कोणाची खुर्ची कोणाच्या मागे लागली आणि त्यावरून कोण जेवला नाही, हे मी सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. बकुळानं चहासुद्धा आधी भावाला दिला.

"याला छाती लागते," मानाजीराव म्हणाले. "आपल्या देवासात कुणाचं काम नाही."

"त्यात कसली आलीय छाती?" मी म्हणालो. "हवा पाठीवर, नळी तोंडात. नुसता श्वास घ्यायचा. तो मी कचेरीत रोज घेतोच. मीसुद्धा उतरेन."

सगळा ओटा माझ्याकडे वळला. जगदेव सरळ मनाचा मुलगा. त्याचा चेहरा उजळला. "खरंच या, दाजी! माघात पाणी आरशासारखं असतं. मी स्वतः उतरवतो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता विचारलं, "क्यों बाबूजी, सुना आप समंदर में उतर रिये हो?"

तिथून पुढे माझं माझ्या हातात काही राहिलं नाही.

राजाबाई समोरच्या घरातल्या. त्यांना उजव्या वळणाचा शंख हवा होता. "आणि रिकामा बघून आणा," त्यांनी बजावलं. "जिवंत असला तर देवघरात हिंडत बसेल." मानाजीरावांच्या नातीच्या, विद्युल्लतेच्या, पत्रिकेत मंगळ होता. तिच्यासाठी त्यांना पोवळं हवं होतं. "सराफ्यात खोटं मिळतं, भगवंतराव. तुम्ही खाली चाललाच आहात, तर झाडावरून तोडूनच आणा." मी पोवळ्याचं झाड म्हणजे जणू परसातला कढीलिंब, असा चेहरा करून हो म्हणालो. एकदा माणूस शूर ठरला की त्याला नाही म्हणता येत नाही.

माझ्या तयारीचं काम मानाजीरावांनी आपल्याकडे घेतलं. हा माणूस आयुष्यभर घोड्यांना शिकवत आला होता. पहाटे उठवून ते मला टेकडीवर पळवू लागले. कानांत तिळाचं तेल, नाकात तूप, छातीला सुंठेचा लेप. कचेरीत माझ्या शेजारी बसणारा कारकून दोन दिवसांत जागा बदलून खिडकीपाशी गेला.

शेवटी ते म्हणाले, "आता रंगीत तालीम."

तालमीचा बेत असा होता: सायकलवाल्याकडून एक लांब रबरी नळी आणायची, तिचं एक टोक माझ्या दातांत आणि दुसरं टोक काठावर मानाजीरावांच्या हातात. मी मीठ्या तालाबात पायऱ्यांवरून उतरून डोकं बुडेल इतक्या पाण्यात बसून राहायचं. तरंगू नये म्हणून पोटाशी पाटा धरायचा. पाटा म्हणजे मसाला वाटायचा. बकुळाला न विचारता आणलेला.

बसलो. आणि खरोखर, श्वास येत होता! पाण्याखाली हिरवा उजेड होता, कानात गुणगुण होत होती, आणि स्वतःबद्दल मला फार आदर वाटू लागला. इतक्यात हवा बंद झाली. वर म्हशींचा एक कळप पाण्यावर आला होता, आणि त्यातली एक नळीवर पाय देऊन उभी राहिली होती. मानाजीराव तिला हाकलायला धावले. धावताना त्यांनी नळी खाली ठेवली. पाण्यात. आता नळीतून हवेऐवजी तालाब येऊ लागला. मी पाटा टाकून वर आलो, पाय घसरला, पुन्हा खाली गेलो, आणि तिसऱ्यांदा वर आलो तो शेंडीनं. शेंडीच्या दुसऱ्या टोकाला एक पोलीस होता.

"बाबूसाब," तो कळवळून म्हणाला, "ऐसी क्या मुसीबत आ गई थी?"

मी तालीम, नळी, समुद्र असं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून फक्त पाणी आलं. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "घरवाली की बात दिल पे नी लेने की, भिया."

संध्याकाळपर्यंत आळीत दोन पक्ष पडले. एक म्हणे मी बायकोच्या जाचाला कंटाळून जीव द्यायला गेलो. दुसरा म्हणे, पाटा घेऊन गेला म्हणजे नक्की स्वयंपाकावरून झालं असणार. बकुळा चार दिवस बाहेर पडली नाही, आणि घरातही माझ्याशी बोलली ती फक्त एक वाक्य: "पाटा कुठाय?"

एवढ्यावर मी माघार घेतली असती. पण माघार घेतली तर तालाबात जीव द्यायलाच गेलो होतो हे सिद्ध होणार. आता समुद्रात उतरून जिवंत वर येणं, एवढाच अब्रू राखण्याचा मार्ग उरला होता.

रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या जागी मी प्रामाणिकपणे लिहिलं, समुद्रतळ पाहणे. आमचे साहेब नव्या राज्यात नव्यानं बदलून आलेले, ग्वाल्हेरकडचे. नियमाला पक्के आणि स्वभावानं मऊ. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला.

"भगवंतरावजी, घर में सब ठीक है ना?"

पोलिसाची खबर माझ्या अर्जाच्या आधी पोचली होती.

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "मुख्यालय के बाहर जाने की इजाज़त मैं दे सकता हूँ. लेकिन नीचे जाने का कोई नियम नहीं है. मान लीजिए आप नीचे ही रह गए. तो मैं आपको ग़ैरहाज़िर लिखूँ या फ़ौत?"

"साब, मैं ऊपर आ जाऊँगा."

"पिछली बार तो आपको पुलिस ऊपर लाई थी," साहेब हळुवारपणे म्हणाले.

अर्ज भोपाळला गेला. राज्य नवं, राजधानी नवी, कुणाला कशाचा अधिकार हे अजून कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तिथून उलट विचारणा आली की सदर समुद्र आपल्या राज्याच्या हद्दीत आहे काय. नाही म्हणून कळवलं. मग बरेच दिवस काहीच आलं नाही. मी मनातल्या मनात भोपाळला दुवा देऊ लागलो. सरकारनंच अडवलं म्हटल्यावर माझ्या शौर्याला डाग लागत नव्हता.

पण धारहून अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. विधवा, धारला एकटी राहते, आणि तिच्यापुढे मी अजून चड्डीतला भगवंता. तिच्या कानावर गेलं होतं की भगवंता बुडायला निघालाय. ती बसमधून उतरली ती रडतच. बकुळानं तिला पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. अक्का ऐकता ऐकता थांबली.

"कुठं म्हणालीस? रामेश्वर?"

"त्याच्याच जवळ."

अक्कानं डोळे पुसले. "मग मेल्या, मला आधी का नाही सांगितलंस? काशीचं गंगाजल माझ्या देवघरात किती वर्षं पडलंय रामेश्वराला घालायचं म्हणून!"

बहिणीला तीर्थयात्रेला नेणे, या कारणाला नियम होता. साहेबांनी त्याच दिवशी सही केली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. मी, बकुळा आणि अक्का निघालो त्या दिवशी मोटारस्टँडवर आळी लोटली. मानाजीरावांनी मला हार घातला, दोन पावलं मागे सरले आणि खाडकन सलाम ठोकला. परत न येणाऱ्या माणसाला करतात तसा तो सलाम होता. बकुळाच्या ते लक्षात आलं. गाडी इंदूर ओलांडून गेली तरी तिनं माझी बाही सोडली नव्हती.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात विचार आला तो असा: एवढं पाणी, आणि कुणी बांध घातलेला नाही.

सकाळ कोवळी होती. जगदेवची होडी एका लहानशा बेटाजवळ नांगर टाकून उभी होती. वारा पडलेला, पाणी खरोखर आरशासारखं, आणि इतकं स्वच्छ की होडीची सावली खाली तळावर पडलेली दिसत होती. अक्का किनाऱ्यावर थांबायला तयार नव्हती आणि होडीत बसायलाही. शेवटी ती डोळे गच्च मिटून बसली आणि जपाची माळ ओढू लागली. माझ्या कमरेला जगदेवनं दोर बांधला. दोराचं टोक नावाड्याकडे द्यायचं होतं, पण बकुळानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे मी धरणार."

"ताई, नीट ऐक," जगदेव म्हणाला. "एक हिसका म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे वर ओढा. दाजी, तुम्हीही ध्यानात ठेवा."

मी मान डोलावली. त्या वेळी माझ्या पाठीवर नळकांडी, कमरेला शिशाचे तुकडे आणि पायांत बदकाचे पाय होते. ध्यानात काही राहण्याजोगी माझी अवस्था नव्हती. बकुळा फक्त एवढंच म्हणाली, "नकोच वाटलं तर नका ना जाऊ. मी सांगेन आळीत, की गेला होतात म्हणून."

या वाक्यानं मी जवळजवळ फुटलो. पण जगदेव पाण्यात उतरून वर बघत होता. मी शिडी धरली आणि एकेक पायरी खाली गेलो.

डोकं पाण्याखाली गेलं आणि मी श्वास रोखून धरला, कारण चाळीस वर्षं पाण्यात तसंच करायचं असतं असं ऐकलेलं. मग रोखवेना. घेतला. हवा आली! कोरडी, रबराच्या वासाची, पण हवा. सोडताना बुडबुड्यांचा असा आवाज झाला की मी घाबरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मीच होतो.

तळ फार खोल नव्हता, दोन पुरुषभर असेल. शिशामुळे मी वाळूवर चक्क उभा राहिलो, आणि मग समोर बघितलं.

ते मला अजून नीट सांगता येत नाही. खडक म्हणावेत तर ते जिवंत होते. कुठे हरणाच्या शिंगांसारखी, कुठे फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी, पिवळी, जांभळी पोवळ्यांची रानंच्या रानं. त्यांतून मासे जात होते. एक निळा, एक काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, आणि पोपटी रंगाचा एक धिप्पाड मासा खडक कुरतडत होता. त्याच्या दातांचा कुरकुर आवाज मला पाण्यातून ऐकू येत होता. एका झुलत्या फुलासारख्या प्राण्याच्या कुशीतून नारिंगी रंगाचा बोटाएवढा मासा बाहेर आला आणि माझ्या काचेसमोर थांबून माझ्यावर खेकसला. खरंच खेकसला. त्याचं घर होतं ते. जगदेवनं एका दगडाकडे बोट केलं. दगड तपकिरी होता, मग लाल झाला, मग त्याला आठ पाय फुटले आणि तो निघून गेला. डोक्यावरून एक मोठं कासव पंख हलवत गेलं, कुठलीही घाई नसलेलं. भीती कुठे गेली कळलं नाही. एक हिसका आला. बकुळा विचारत होती. मी एक हिसका दिला. ठीक. फारच ठीक.

तेवढ्यात समुद्रगाय आली.

पलीकडे हिरव्या गवताचं कुरण होतं. तिथे एक करडं, बैलाएवढं धूड तोंड खाली घालून शांतपणे चरत होतं. मी तर जागीच गोठलो. जगदेव मात्र वेडा झाला. नोकरीला लागल्यापासून त्याला हे जनावर जिवंत बघायचं होतं. आजवर पाहिलं होतं ते कोळ्यांच्या जाळ्यात मेलेलंच. त्यानं मला थांबायची खूण केली आणि पाय मारत तिकडे गेला. कुरणाच्या कडेला खडकांवर कुणाचं तरी तुटलेलं जुनं जाळं पसरलेलं होतं, शेवाळानं हिरवं झालेलं. त्याला ते दिसलं नाही. तो त्याच्यावरून गेला आणि थांबला. मग वळला, पाय झाडू लागला, आणि जितका झाडी तितका गुरफटत गेला. कमरेचा चाकू उपसताना हातातून निसटला आणि पोवळ्यांच्या फटीत गेला. समुद्रगाईनं एकदा वळून पाहिलं, आणि ती सावकाश दूर गेली.

जगदेवनं माझ्याकडे बघितलं. काचेमागचे त्याचे डोळे मला अजून दिसतात. त्यानं पाठीमागे हात नेऊन दाखवला. जाळं नळकांड्यांच्या तोटीला अडकलं होतं, तिथे त्याचा हात पोचत नव्हता.

मी दोर ओढला. किती हिसके म्हणजे काय, हे सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. मी जीव खाऊन ओढला. वरून एकदम सैल दोर आला. बकुळानं दोनच मोजले होते. आणखी ओढला, आणखी दोर आला. मला वर कुणी घेईना. मग एकदम ध्यानात आलं, की आता जगदेवपर्यंत पोचण्याइतका दोर माझ्याकडे आहे.

पोहता येत नव्हतं, म्हणून चालत गेलो. बदकाच्या पायांनी वाळू उडवत, पडत, गुडघ्यांवर, तिथवर गेलो. जगदेव धडपडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात दाबला, रेकॉर्डरूममध्ये नव्या कारकुनाच्या दाबतो तसा. थांब. तो थांबला.

मग मी गाठी पाहिल्या. आणि काय सांगू, मला एकदम घरी आल्यासारखं झालं. माझं आयुष्य गाठी सोडवण्यात गेलंय. दोन संस्थानांच्या कागदांचे बस्ते, कुणी सुतळीनं बांधलेले, कुणी लाल फितीनं, पावसात भिजून आवळलेले, वाळवीनं चिकटलेले. कारकून कातर मागतात. मी कापू देत नाही. गाठ कुठून सैल होते हे आधी बोटानं चाचपायचं, ओढायचं नाही, उलट ढकलायचं. फार चिवट असेल तर दात लावायचा. इथे दात नळीत गुंतलेले, एवढीच अडचण.

आधी तोटीची सोडवली. मग घोट्याची. ती ओली, फुगलेली, शेवाळानं निसरडी. माझी नखं तुटली. जगदेवच्या बुडबुड्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. त्यानं छातीवर हात मारून दाखवलं, हवा संपत आली. मी मान हलवली आणि गाठ पुन्हा उलटी ढकलली. ती हलली. एक फास सुटला, मग दुसरा, आणि पाय मोकळा झाला.

जगदेवनं मला कमरेला धरलं, माझा शिशाचा पट्टा सोडून टाकला, आणि आम्ही दोघं उजेडाकडे वर गेलो.

शिडीला हात लागला तेव्हा मी नळी थुंकून टाकली आणि नुसती हवा घेतली. खारट, मासळीच्या वासाची, उन्हानं तापलेली हवा. इतकी गोड वस्तू मी आयुष्यात खाल्ली नाही. नावाड्यानं आम्हाला ओढून वर घेतलं. होडीत पालथे पडल्या पडल्या जगदेवनं माझ्याकडे पाहिलं आणि बहिणीकडे डोळे नेले. मी समजलो. हळूच मान हलवली. यातलं काही सांगायचं नाही.

"सगळं ठीक?" बकुळानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "किती दोर मागत होतात! मी देतच राहिले."

"फार छान होतं," मी म्हणालो. "समुद्रगाय पाहिली. पुढे पुढे गेलो."

"हो ताई," जगदेव म्हणाला. "दाजी तर कमालीचे धीट निघाले."

हालचालीनं होडी डुलली तसे अक्कानं माळ थांबवून डोळे उघडले. ओल्याचिंब मला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अजून नाही उतरलास?" ती म्हणाली. "ऊन होतंय. जायचं तर जा लवकर, माझा जप संपत आलाय."

जगदेव हसायला लागला, आणि मग मीही. हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही. खारं पाणी चेहऱ्यावर आधीच होतं, म्हणून कुणाला दिसलं नसेल असं मला वाटतं.

बकुळा हसली नाही. तिनं मला पंचा दिला. मग भावापुढे बसली आणि त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. घोट्याभोवती जाळ्याचा लालभडक वळ उठला होता. तिनं त्यावर एकदा अंगठा फिरवला. मग माझा हात ओढून घेतला आणि उलटा करून बोटांची टोकं पाहिली. सोललेली, नखं तुटलेली. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आम्ही दोघं समुद्राकडे पाहत होतो.

"पोवळ्याला घासली," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

फराळाच्या पिशवीतून तिनं खोबरेल तेलाची बाटली काढली. आधी त्याच्या घोट्याला तेल लावलं, मग माझ्या बोटांना, एकेका बोटाला, अगदी सावकाश. लावून झालं तरी तिनं हात सोडला नाही. नावाड्यानं नांगर उचलला आणि होडी किनाऱ्याकडे वळली.